पथ्यातील पेय आणि बाजारातील पेय
रायगड किनाऱ्यावरील शीतपेयांच्या बाजारपेठेचा वैद्यकीय दृष्टीने विचार

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात वाग्भटाचार्यांनी अन्नस्वरूपाच्या आधी द्रवद्रव्यांचे विज्ञान सांगितले आहे. पाणी, दूध, ताक, मध, तेल, मद्य या सर्वांचे गुणदोष वाचून झाल्यावरच वाचक धान्य, शाक व फलवर्गाकडे वळतो. रुग्णाने काय खावे या प्रश्नाइतकाच काय प्यावे हा प्रश्न महत्त्वाचा आहे, हे या क्रमावरून ध्यानी यावे. आपल्या दैनंदिन व्यवसायात मात्र पथ्य सांगताना आपण अन्नाविषयी विस्ताराने बोलतो आणि पेयाविषयी एखादे वाक्य उच्चारून थांबतो. 'कोकम सरबत घ्या', 'शहाळे घ्या', 'ताक प्या' एवढे सांगितले की आपले कर्तव्य संपले, असे आपणांस वाटते.

एके काळी एवढे सांगणे पुरेसेही होते. घरात बरणीत आमसूल असे, परड्यात माड असे आणि ताक रोज घुसळले जाई. आज तेच शब्द ऐकून रुग्ण दुकानात जातो. दुकानातून त्याला काय मिळते, ते तेथे का ठेवलेले असते आणि त्याची विक्री का वाढते किंवा घटते, हे वैद्याला ठाऊक नसेल तर त्याने सांगितलेले पथ्य आणि रुग्णाने घेतलेले पेय यांत केवळ नावाचे साम्य उरते. मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या किनारपट्टीतील पेयबाजाराचा असा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बाजारपेठेचा पूर्वेतिहास

बाटलीबंद पेय आपल्या भागाला नवीन नाही. मुंबईत दिनशाजी पांडोळे यांनी १८८९ मध्ये सुरू केलेल्या 'ड्यूक्स'ची पेये पश्चिम किनाऱ्यावर अनेक पिढ्यांनी चाखली. गावोगावी गोटी सोड्याचे छोटे कारखाने होते व त्यांचे गिऱ्हाईक आसपासच्या दहा-वीस गावांतलेच असे. १९७७ मध्ये परकीय चलनविषयक कायद्यातील अटींमुळे कोकाकोला कंपनीने भारत सोडला व त्याच वर्षी पार्ले कंपनीचे 'थम्स अप' बाजारात आले. पुढील दीड दशक गोल्ड स्पॉट, लिम्का व थम्स अप या देशी नावांचे होते. १९८५ मध्ये 'फ्रूटी'ने कागदी खोक्यातील आंब्याचे पेय रूढ केले. १९९० मध्ये पेप्सी आली, १९९३ मध्ये कोकाकोला परतली आणि पार्लेची प्रमुख शीतपेये तिने विकत घेतली. १९९४ मध्ये ड्यूक्सही पेप्सीकडे गेली. स्थानिक व देशी मालकीचा एक कालखंड अशा रीतीने संपला.

ऑगस्ट २००३ मध्ये दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने शीतपेयांतील कीटकनाशकांच्या अंशाविषयी अहवाल प्रसिद्ध केला. त्याच्या चौकशीसाठी श्री. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली आणि २००४ च्या फेब्रुवारीत तिने अहवाल सादर केला. ऑगस्ट २००६ मध्ये केंद्राचा दुसरा अहवाल आला. काळ्या पेयांविषयी पालकांच्या मनात शंका उत्पन्न झाली ती याच सुमारास. ही शंका बाजाराने अचूक हेरली. 'फळांचे', 'नैसर्गिक', 'पारंपरिक' आणि पुढे 'आयुर्वेदिक' हे शब्द पेयांच्या वेष्टनांवर ठळक होत गेले ते त्यानंतर. पन्हे, जलजिरा, कोकम अशी घरगुती पेये देशव्यापी कंपन्यांच्या आकर्षक पाकिटांत येऊ लागली. आपल्या शास्त्राविषयीचा आदर वाढल्याचे हे लक्षण आहे, असे समजून आपल्यापैकी अनेकांनी समाधान मानले. ते समाधान किती साधार आहे, ते पुढे पाहू.

सध्याचे प्रवाह

पेयबाजारातील आजची स्थिती चार गोष्टींनी ठरते.

पहिली गोष्ट किमतीची. २००२-०३ च्या सुमारास पाच रुपयांच्या लहान बाटलीने शीतपेय शहरी मध्यमवर्गाच्या बाहेर नेले. २०२२ मध्ये रिलायन्स समूहाने 'कॅम्पा' हे जुने नाव घेतले आणि २०२३ मध्ये ते दहा रुपयांच्या बाटलीत पुन्हा बाजारात आणले. त्यानंतर इतर कंपन्यांनाही लहान व स्वस्त बाटल्यांकडे वळावे लागले. ज्या घरात पूर्वी पाहुणे आल्यावर बाटली येई, त्या घरातील शाळकरी मूल आता स्वतःच्या खाऊच्या पैशांतून ती रोज घेऊ शकते. वैद्याच्या दृष्टीने ही वारंवारिता महत्त्वाची आहे. अपथ्य कधीतरी घडणे आणि त्याचे सात्म्य होणे यांत मोठे अंतर आहे.

दुसरी गोष्ट कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराच्या नव्या रचनेत वायुयुक्त गोड पेयांवर ४० टक्के कर आहे. फळांच्या रसावर किंवा गरावर आधारलेल्या वायुविरहित पेयांवरील, तसेच पाकीटबंद शहाळ्याच्या पाण्यावरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. कोकमाच्या त्याच पेयात वायू भरला तर ४० टक्के आणि न भरला तर ५ टक्के, असा हा फरक आहे. यापुढे वायुविरहित फळपेयांचा पुरवठा व जाहिरात वाढणे स्वाभाविक आहे. मात्र हा कर वायू पाहतो, पेयातील साखर मोजत नाही, हे वैद्याने लक्षात ठेवावे.

तिसरी गोष्ट हवामानाची. शीतपेयांच्या वर्षभरातील विक्रीचा मुख्य हंगाम एप्रिल ते जून हा असतो. २०२५ मध्ये मॉन्सून २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला आणि मे महिनाभर अवकाळी पाऊस होत राहिला. त्या तिमाहीत मोठ्या शीतपेय उत्पादकांच्या विक्रीला त्याची झळ बसली. मात्र या पावसाचा दुहेरी तडाखा बसला तो कोकणातील लहान उत्पादकाला. त्याचे गिऱ्हाईक तर घटलेच, पण एप्रिल-मे मध्ये पिकणारे रातांबेही भिजले आणि आमसुले वाळविण्यास ऊन उरले नाही.

चौथी गोष्ट शीतकपाटाची. किनाऱ्यावरील टपरीत जे काचेचे शीतकपाट दिसते, ते पुष्कळदा पेय कंपनीने दिलेले असते व त्यात आपलाच माल ठेवावा ही तिची अपेक्षा असते. बाटलीबंद पेय महिनोन्‌महिने टिकते. ताक सायंकाळपर्यंत आंबते आणि नारळाच्या दुधाची सोलकढी त्याहूनही लवकर बिघडते. दुकानदार काय विकतो हे गिऱ्हाइकाच्या आवडीइतकेच कपाट कोणाचे व माल किती टिकाऊ यांवर ठरते. ताकाचे गुण कितीही श्रेष्ठ असले, तरी जे टिकत नाही ते दुकानाच्या फळीवर चढत नाही.

किनाऱ्यावरील विशेष स्थिती

अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा, काशीद, मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धन या गावांचा पेयबाजार दोन निरनिराळ्या गिऱ्हाइकांवर चालतो. एक गावकरी व दुसरा पर्यटक. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोट २०२० मध्ये सुरू झाली व जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू खुला झाला. मुंबईहून येणे सोपे झाले. शनिवार-रविवारी किनाऱ्यावरील टपऱ्यांवर होणारी विक्री व सोमवार ते शुक्रवार होणारी विक्री यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. जे दोन दिवसांत खपते, त्याच मालाकडे विक्रेत्याचे लक्ष लागते.

पर्यटकाला तीन गोष्टी हव्या असतात: थंड पाणी, शहाळे, आणि घरी नेण्यासाठी कोकम सरबताची बाटली. यांपैकी शहाळ्याची कथा दुःखद आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड ते अलिबागपर्यंतच्या नारळ-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. बाणवली जातीचा माड लावल्यापासून फळाला येण्यास सहा-सात वर्षे लागतात. त्या पावसाळ्यानंतर लावलेली रोपे कोठे आता फळ धरू लागण्याच्या वयात येत आहेत. दरम्यानच्या काळात वाडीतले शहाळे कमी झाले व बाहेरून, विशेषतः दक्षिणेकडून ट्रकने येणाऱ्या शहाळ्यांनी ती जागा घेतली. बाहेरचे शहाळे गुणहीन असते असे नाही. तथापि ते काढल्यापासून किती दिवस झाले हे विक्रेता सांगू शकत नाही. त्याची किंमतही वाहतुकीसह ठरते व ती सामान्य रुग्णाला रोज परवडत नाही. वैद्याने 'रोज एक शहाळे' असे लिहिताना हेही विचारात घ्यावे.

कोकमाची तीन रूपे व त्यांचे अर्थकारण

रायगडात कोकमाची झाडे रत्नागिरी व सिंधुदुर्गाइतकी नाहीत. तरी श्रीवर्धन व म्हसळ्याकडील घरांतून आणि बचत गटांतून कोकमाचे पदार्थ होतात व उरलेली गरज दक्षिण कोकणातील माल भागवितो. या झाडात नर व मादी निराळे असतात. बियांपासून केलेल्या रोपांत निम्म्याच्या आसपास नर निघतात आणि ते फळत नाहीत. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' व 'कोकण हातिस' या जाती दिल्या व कलमांचा प्रसार केला. तरीही बरेचसे उत्पादन बांधावरच्या व रानातल्या जुन्या झाडांवरच अवलंबून आहे.

रातांब्यापासून मुख्यतः तीन गोष्टी होतात.

आमसूल करताना फळाची साल वेगळी काढून, गराच्या रसात मीठ घालून त्यात ती पुनःपुन्हा भिजवितात व वाळवितात. अशी पुटे चढवायला कित्येक दिवसांचे कडक ऊन व माणसाची मेहनत लागते. शिवाय वाळल्यावर वजन घटते.

आगळ म्हणजे मिठात मुरवून काढलेला रस. त्यात सर्वसाधारणपणे शेकडा १५ ते २० इतके मीठ असते. सोलकढीचा तो पाया.

अमृतकोकम, म्हणजे ज्याला आपण बाजारात कोकम सरबत म्हणतो, ते सालीत वजनाच्या सुमारे दुप्पट साखर मिसळून व मुरवून केलेला पाक असतो.

या तिन्हींत साखरेचा पाक करणे उत्पादकाला सर्वांत सोयीचे. साखर बाराही महिने मिळते, पाकाला आमसुलाइतके ऊन लागत नाही, वजन घटण्याऐवजी वाढते, बाटली टिकते आणि पर्यटक तीच मागतो. आमसुलाला मेहनत अधिक, हवामानाची जोखीम अधिक आणि गिऱ्हाईक मात्र स्वयंपाकघरातले, म्हणजे मोजून-मापून घेणारे. त्यामुळे उत्पादकाचा कल पाकाकडे झुकणे समजण्यासारखे आहे. कोकमाला बाजार मिळाला असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात बहुतांशी कोकम-शर्करेच्या पाकाला बाजार मिळालेला असतो.

साखरेचे गणित

अन्न सुरक्षा कायद्याखालील मानकांप्रमाणे फळांच्या सरबत-पाकात फळाचा अंश किमान २५ टक्के व एकूण विद्राव्य घनांश किमान ६५ टक्के असावा लागतो. स्क्वॅशसाठी घनांशाची मर्यादा ४० टक्के, तर थेट पिण्यास तयार पेयासाठी फळाचा अंश व घनांश प्रत्येकी किमान १० टक्के (लिंबाच्या पेयात फळाचा अंश ५ टक्के) आहे. हा घनांश बहुतेक साखरेचाच असतो.

आता एक साधा हिशेब करू. पेलाभर सरबताला ३० ते ४० मिलिलिटर पाक लागतो. पाक पाण्यापेक्षा जड असल्याने ३० मिलिलिटरचे वजन सुमारे ४० ग्रॅम भरते. त्याचे ६५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. ४० मिलिलिटर घेतल्यास हा आकडा ३४ ग्रॅमच्या घरात जातो. कोलाच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ३० ते ३३ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली व रसांतील साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली असावी, आणि ५ टक्क्यांखाली आणल्यास अधिक चांगले. २००० कॅलरीच्या आहारात हे प्रमाण अनुक्रमे ५० व २५ ग्रॅम होते.

याचा अर्थ स्पष्ट आहे. 'कोला सोडा, कोकम घ्या' हा आपला सल्ला मानणारा मधुमेही रुग्ण बाजारातील पाकाचे सरबत भरपूर घालून पीत असेल, तर साखरेच्या बाबतीत त्याच्यात काहीच बदल झालेला नसतो. उलट 'वैद्यांनीच सांगितले आहे' या विश्वासाने तो दिवसातून दोनदा पितो. आयसीएमआर-इंडियाब या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला आहे. प्रमेहाच्या हेतूंत चरकाचार्यांनी नवीन अन्नपान व गुळाचे विकार यांची गणना केली आहे, याचे येथे स्मरण व्हावे.

शास्त्रदृष्टी

मग पानकात शर्करा नसावी काय? असे शास्त्राचे मत नाही, आणि येथे घाईने निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही.

वृक्षाम्ल म्हणजे सर्वसाधारणतः कोकम, असे मानले जाते. चरकाने हृद्य महाकषायात त्याचा समावेश केला आहे. अन्नपानविधी अध्यायात मात्र ते ग्राही, रूक्ष, उष्ण व वातकफावर हितकर असे सांगितले आहे. अम्ल रस पित्तकर हा सामान्य नियम असून त्याला दाडिम व आमलकी हे अपवाद आहेत. वृक्षाम्ल त्या अपवादांत नाही. असे असताना कोकणात शीतपित्तावर, दाहावर व उन्हाच्या त्रासावर कोकम सरबत पिढ्यान्‌पिढ्या दिले जाते व त्याने गुण येतो, हाही अनुभव आहे. हा विरोध संस्काराने सुटतो. पुष्कळ पाणी, शर्करा, जिरे यांच्या संयोगाने केलेले पानक आणि नुसते वृक्षाम्ल ही गुणदृष्ट्या एक नव्हेत. भावप्रकाशात लिंबाच्या पानकात एक भाग रसास सहा भाग शर्करोदक व वर लवंग-मिरी सांगितली आहे. तेव्हा पित्ताच्या रुग्णाच्या सरबतातील शर्करा ही भेसळ नसून योगाचा घटक आहे. ती काढून आगळाचे पाणी दिल्यास अम्लपित्ताचा रुग्ण बिघडू शकतो.

याच शर्करेचे प्रमेही रुग्णाच्या बाबतीत अपथ्यात रूपांतर होते. पेय तेच, व्याधी निराळा. बाजार दोघांनाही एकच बाटली देतो, कारण त्याला दोष-दूष्याशी कर्तव्य नाही. ते कर्तव्य वैद्याचे आहे.

ताकाचेही तसेच. मसाला ताकाची विक्री उन्हाळ्यात सर्वाधिक होते. सुश्रुताने मात्र उष्णकाळी, दुर्बलास, क्षतात, तसेच मूर्च्छा, भ्रम, दाह व रक्तपित्तात तक्र निषिद्ध मानले आहे. ग्रहणी व अर्श यांत तक्राची थोरवी आपण जाणतोच. परंतु वैशाखात उन्हातून आलेल्या दाहयुक्त रुग्णाने बर्फ घातलेले आंबट ताक प्यावे, हे बाजाराचे पथ्य आहे, शास्त्राचे नव्हे. ग्रीष्मचर्येत वाग्भटांनी लवण, कटु व अम्ल रस टाळावयास सांगून नव्या मातीच्या भांड्यातील पानक व पंचसार यांची योजना केली आहे.

नारळाच्या पाण्यास त्यांनी स्निग्ध, मधुर, शीत, लघु, तृष्णा व पित्तवात शमविणारे, दीपन आणि बस्तिशोधन म्हटले आहे. मूत्रकृच्छ्रात आपण ते निःशंकपणे देतो. आधुनिक विश्लेषणाप्रमाणे त्यात पोटॅशियमचे प्रमाण लक्षणीय असते, १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २०० मिलिग्रॅमच्या आसपास. वृक्कविकाराच्या रुग्णास, किंवा पोटॅशियम वाढविणारी रक्तदाबाची औषधे चालू असलेल्या रुग्णास रोज शहाळे सांगण्यापूर्वी त्याचे तपासणी अहवाल अवश्य पाहावेत.

वेष्टनावरील शब्द

बाजारातील काही शब्दांचा अर्थ कायद्याने अलीकडे स्पष्ट केला आहे व तो आपण रुग्णास समजावून द्यावा.

'आरोग्यपेय' असा कोणताही वर्ग अन्न सुरक्षा कायद्यात नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना त्या सदरातून माल्टयुक्त व तत्सम पेये काढण्यास सांगितले. जून २०२४ मध्ये 'शंभर टक्के फळांचा रस' हा दावा वेष्टनांवरून काढण्याचे आदेश अन्न सुरक्षा प्राधिकरणाने दिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या गोड पेयांना 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास त्याच प्राधिकरणाने मनाई केली. प्रमाणित ओआरएसमध्ये लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. त्याच्या कित्येक पट साखर असलेले खोक्यातील पेय अतिसाराच्या बालकास दिले, तर अतिसार वाढण्याचा संभव असतो. उन्हाळी सुटीत किनाऱ्यावर येणाऱ्या कुटुंबांत हा प्रकार आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल.

'आयुर्वेद आहार' या वर्गासाठी २०२२ मध्ये स्वतंत्र नियम झाले आहेत. तो आहाराचा वर्ग आहे, औषधाचा नव्हे. व्याधी बरा करण्याचा दावा त्यावर करता येत नाही. आसव-अरिष्टे औषधी कायद्याखाली येतात व ती उन्हाळ्यातील 'थंडावा' म्हणून दुकानातून परस्पर घेऊ नयेत, हेही सांगावे. कोकमाने मेद झडतो या जाहिरातीबाबत सावध राहावे. त्याच कुळातील मलबारी चिंचेच्या तीव्र अर्काच्या गोळ्यांनी यकृतास इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदली गेली आहेत.

साखरविरहित गोड पेयांविषयी रुग्ण विचारतात. वजन नियंत्रणासाठी कृत्रिम गोडी वापरू नये, असे मार्गदर्शन जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये केले. ते आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही, हेही तिने नमूद केले आहे. तथापि गोडाची आसक्ती तशीच राहते, हा आपला आक्षेप त्यांनाही लागू आहे.

बर्फाचा प्रश्न

किनाऱ्यावर बर्फाचे कारखाने मुख्यतः मासळीसाठी चालतात. तो बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. खाण्यास अयोग्य बर्फात निळा रंग मिसळावा, असा दंडक महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने १ जून २०१८ पासून लागू केला. सरबताच्या गाडीवरील बर्फ कोठून येतो हे रुग्णास ठाऊक नसते. कामला व अतिसाराच्या रुग्णांत बाहेरच्या सरबताचा इतिहास विचारताना पाण्याबरोबर बर्फाचीही विचारणा करावी. अतिशीत जलाने अग्निमांद्य होते हा विचार निराळाच. बर्फ नको म्हणण्यास ही दोन्ही कारणे पुरेशी आहेत.

वैद्यांनी काय करावे

वरील विवेचनावरून काही व्यवहार्य सूचना कराव्याशा वाटतात.

१. पेयाचे केवळ नाव न सांगता रूप, मात्रा व काल सांगावा. 'कोकम सरबत' असे न लिहिता 'चार-पाच आमसुले पेलाभर पाण्यात तीन-चार तास भिजवून, कुस्करून, गाळून, जिरेपूड व चमचाभर खडीसाखर घालून दुपारी' असे लिहावे. प्रमेहात खडीसाखर वर्ज्य करावी आणि पित्ताची तक्रारही असेल तर कोकमाऐवजी धने-जिऱ्याचा हिम द्यावा.

२. रक्तदाबाच्या रुग्णास आगळ व खारवलेली आमसुले यांतील मिठाची कल्पना द्यावी. २० मिलिलिटर आगळात ३ ते ४ ग्रॅम मीठ असू शकते, आणि दिवसभरातील एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशा रुग्णांसाठी बिनमिठाची वाळविलेली साल मागून घ्यावी.

३. रुग्ण जे पेय घेतो त्याची बाटली किंवा खोके पुढील भेटीत आणावयास सांगावे. त्यावरील साखरेचा आकडा त्याच्यासमोर वाचून, तो किती चमचे होतो हे सांगितले की दीर्घ व्याख्यानाची गरज राहत नाही. पाच ग्रॅम म्हणजे एक चमचा, हा हिशेब कोणासही समजतो.

४. आपल्या चिकित्सालयात पाकाच्या बाटल्या विक्रीस ठेवणाऱ्या व्यवसायबंधूंनी त्यावरील साखर व मीठ स्वतः तपासावे. वैद्याच्या टेबलावरील बाटलीस रुग्ण औषध समजतो.

५. स्थानिक उत्पादकांशी संवाद ठेवावा. दिवेआगर-श्रीवर्धनकडील बचत गटांतील भगिनी जे मागितले जाते तेच करतात. वैद्यांनी मिळून बिनमिठाची साल व कमी साखरेचा अर्क यांची नियमित मागणी नोंदविली, तर तो माल होईल. शाखेच्या सभासदांनी हंगामापूर्वी, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, एकत्रित मागणी कळविली तर उत्पादकास सालीचे नियोजन करता येईल व वाळवणासाठी छपराची किंवा वाळवण यंत्राची सोय करण्यास त्याला धीर येईल. अवकाळी पाऊस वारंवार येऊ लागल्यावर या सोयीवाचून आमसूल टिकणार नाही.

शेवटच्या सूचनेवर विशेष भर द्यावासा वाटतो. बाजार सोय, टिकाऊपणा, कर आणि नफा पाहून चालतो. त्याला दोष देऊन काही साधत नाही. परंतु बाजार मागणीही ऐकतो, आणि किनाऱ्यावरील प्रत्येक गावात वैद्याचा शब्द ही अजूनही एक मागणी आहे. आपण 'कोकम घ्या' म्हटले की ती मागणी साखरेच्या पाकाकडे जाते. 'आमसूल भिजवून घ्या' म्हटले की ती उन्हात साल वाळविणाऱ्या घराकडे जाते. रुग्णाचे हित आणि बागायतदाराचे हित येथे एकाच दिशेस आहे. तेव्हा येत्या चैत्रापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या पथ्यपत्रकातील पेयांच्या ओळी पुन्हा वाचून पाहाव्यात आणि तेथे द्रव्याचे रूप, मात्रा व काल स्पष्ट लिहावा, एवढीच विनंती.